ब्रुस्केटावर शेव घालू का? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

दिवाळी संपली की इंदुरात घरोघरी पार्ट्यांचा मोसम सुरू होतो. कुणाचा लग्नाचा वाढदिवस, कुणाची रिटायरमेंट, कुणाची मुलं पुण्या-बंगलोरहून सुट्टीवर आलेली, आणि थंडीही अशी की गच्चीवर बसायला मजा यावी. त्यामुळे की काय, यावेळी स्वयंपाकाच्या पत्रांमध्ये "इटालियन स्टार्टर सांगा, सोपे हवेत पण जरा उठून दिसले पाहिजेत" हा एकच सूर होता. सगळी पत्रं छापणं शक्य नाही, एकसारखे प्रश्न एकत्र केलेत, ज्यांचं पत्र दिसणार नाही त्यांनी रागावू नका, उत्तर इथेच कुठेतरी सापडेल.

प्रश्न, सुदामा नगरहून: ताई, यांच्या ऑफिसमधले १२ जण जेवायला येणार आहेत. दरवेळी माझं कटलेट आणि पनीर टिक्का ठरलेलं असतं, यावेळी इटालियन करायचंय. मोबाईलवर बघायला बसले तर डोकं गरगरलं, किती प्रकार करू? आणि ब्रुस्केटा माझा दरवेळी लिबलिबीत होतो, असं का?

उत्तर: तीन करा. चौथ्याचा मोह होणार, कारण आपल्याकडे टेबल भरलेलं दिसलं नाही की यजमानालाच चुटपुट लागते, पण इटालियन खाण्याची मजा कमी वस्तूंमध्येच आहे. एक ब्रेडवरचा, एक गरम तळलेला आणि एक आदल्या दिवशीच करून ठेवलेला, एवढं पुष्कळ झालं. पुढे जेवण असेल तर माणशी ४-५ तुकडे धरा, म्हणजे १२ जणांना ५०-६०, म्हणजे प्रत्येक प्रकाराचे साधारण २०. यापेक्षा जास्त केलंत तर तुमची बिर्याणी भांड्यात तशीच राहील आणि मग तुम्ही मला दुसरं पत्र लिहाल.

आता लिबलिबीतपणाचं. ब्रुस्केटा मुळात मध्य इटलीतल्या शेतकऱ्यांचं खाणं, भाजलेला ब्रेड, त्यावर घासलेला कच्चा लसूण, मीठ आणि ऑलिव्ह ऑईल, बस. तिकडे नवीन तेल निघालं की ते चाखायला आजही असंच खातात. टोमॅटो ही नंतरची भर, आणि आपला सगळा घोटाळा त्या टोमॅटोतच होतो, कारण आपण तो चिरतो, मीठ घालतो, आणि सुटलेल्या पाण्यासकट ब्रेडवर ठेवून देतो, मग ब्रेड तरी काय करणार. म्हणून असं करा: ६ लालबुंद पण टणक टोमॅटो घ्या, अर्धे करून बिया आणि मधला गर बोटाने काढून टाका (तो संध्याकाळच्या सारात जाऊ दे), उरलेल्याच्या बारीक फोडी करा, अर्धा चमचा मीठ लावा आणि चाळणीत घालून खाली वाटी ठेवा. १५-२० मिनिटांत वाटीत किती पाणी जमतं बघा, ते सगळं तुमच्या ब्रेडमध्ये जाणार होतं. मग त्या निथळलेल्या फोडींवर २ मोठे चमचे चांगलं ऑलिव्ह ऑईल, हाताने तोडलेली बेसिलची पानं आणि मिरपूड. कांदा नको, ढोबळी मिरची नको, ओरेगॅनोच्या पुड्या तर अजिबात नकोत, त्या पिझ्झाबरोबर फुकट आल्या म्हणून सगळीकडे घालायच्याच असं काही नाही.

ब्रेड सँडविचचा घेऊ नका, तो गोडसर आणि मऊ असतो. बेकरीत लांब फ्रेंच लोफ मिळतो तो घ्या, आदल्या दिवशीचा असेल तर उत्तम. बोटभर जाडीचे तिरके काप करा, तव्यावर दोन्हीकडून चांगले खरपूस भाजा, आणि गरम असतानाच लसणाची सोललेली पाकळी त्यावर घासा. टोस्ट खरखरीत असल्यामुळे पाकळी आपोआप झिजत जाते आणि वास असा सुटतो की हॉलमधले लोक स्वयंपाकघरात डोकावतात. एका पाकळीत ४-५ काप होतात, जास्त घासलंत तर उग्र लागेल. टोमॅटो मात्र पाहुणे बसल्यावरच वर ठेवायचा, १० मिनिटांच्या वर तो टिकणार नाही. मी तर सरळ टोस्टची टोपली आणि टोमॅटोचा बोल मध्ये ठेवते, ज्याचा त्याने वाढून घ्यावा, त्यात गप्पाही होतात आणि आपल्यालाही बसायला मिळतं.

प्रश्न, मल्हारगंजहून: सासूबाई म्हणतात ब्रुस्केटावर वरून बारीक शेव भुरभुरली तर छान लागेल. घालू का?

उत्तर: नको. सासूबाईंचं मन मोडू नका, पण शेव वेगळ्या वाटीत ठेवा, इंदूर आहे, कुणीतरी मागणारच आहे. शेव टोमॅटोचं पाणी पिते आणि मिनिटाभरात गिचका होतो, शिवाय लवंग-मिऱ्याच्या मसाल्यापुढे बेसिलचा वास कुठल्या कुठे जातो. कुरकुरीतपणा टोस्टने द्यायचाय. जीरावन, म्हणजे आपला पोह्यांवरचा मसाला, तोही नको, हे आधीच सांगून ठेवते, कारण तोच पुढचा प्रश्न असणार.

प्रश्न, वैशाली नगरहून: आमचे शेजारी जैन आहेत आणि आम्ही स्वतः शाकाहारी. पार्मेसन चीज व्हेज नसतं असं ऐकलं, खरंय का? आणि टोमॅटो-चीजच्या त्या लाल-पांढऱ्या-हिरव्या चकत्यांसाठी पिझ्झाचं मॉझरेला चालेल का?

उत्तर: खरंय. दूध विरजायला, म्हणजे ते घट्ट बांधायला रेनेट लागतं, आणि अस्सल पार्मेसनमध्ये, म्हणजे पार्मिजानो-रेज्जानोमध्ये, ते वासराच्या पोटातलंच वापरायचं असा तिकडचा नियमच आहे, त्याशिवाय ते नाव लावता येत नाही. ग्राना पादानो या चीजचंही तसंच, पेकोरिनो रोमानो या चीजमध्ये कोकराचं असतं. म्हणजे इम्पोर्टेड दुकानातून महागाचा तुकडा आणून शाकाहारी पाहुण्यांना वाढणं बरोबर नाही, त्यांना कळो न कळो. मायक्रोबियल, म्हणजे सूक्ष्मजीवांपासून मिळवलेल्या, रेनेटवर केलेली तशाच प्रकारची कडक चीज मिळतात, पाकिटावर हिरवा ठिपका बघून घ्या, चव अगदी तीच नसते पण काम होतं. जैन शेजाऱ्यांसाठी लसूण न घासलेले टोस्ट वेगळ्या प्लेटमध्ये ठेवा आणि तसं सांगा, त्यांना विचारायला लावू नका.

त्या लाल-पांढऱ्या-हिरव्या चकत्या म्हणजे काप्रेझे, काप्री बेटाच्या नावावरून. टोमॅटो, ताजं मॉझरेला, बेसिल, ऑलिव्ह ऑईल, मीठ, आणि काही नाही. हॉटेलात त्यावर काळ्या बाल्सामिक व्हिनेगरची नक्षी काढतात ती नाही काढलीत तरी चालेल, नव्हे नाही काढलीत तर बरं. पिझ्झाचं मॉझरेला इथे चालणार नाही, ते वितळण्यासाठी केलेलं असतं, कच्चं खाल्लं की रबरी लागतं. पाण्यात ठेवलेले पांढरे मऊ गोळे येतात ते घ्या, मोठ्या सुपरमार्केटच्या फ्रीजमध्ये दिसतात, आणि वाढायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा, गार मॉझरेलाला चवच नसते. पार्टीसाठी चकत्यांपेक्षा टूथपिक सोपी पडते, एक चेरी टोमॅटो, एक घडी घातलेलं पान, एक छोटा गोळा.

आणि ते नाहीच मिळालं तर पिझ्झा चीज किसण्यापेक्षा घरी रिकोटासारखं करा. तिकडे खरा रिकोटा मॉझरेला वगैरे करताना उरलेली निवळी पुन्हा तापवून करतात, आपण सरळ दुधापासून करू. १ लिटर फुल क्रीम दूध तापवा, उकळी फुटायच्या आत, कडेला बुडबुडे आले की गॅस बंद करा, २-३ मोठे चमचे लिंबाचा रस थोडा थोडा घाला आणि हळूच एकदा ढवळून सोडून द्या. सतत ढवळलंत तर कणी बारीक आणि कोरडी होते. १० मिनिटांनी मलमलच्या फडक्यावर ओता, १५ मिनिटं निथळू द्या, दाबू नका, वजन ठेवू नका, दाबलंत की पनीर झालं. वाटीभर मऊसूत पांढरं हाती येतं, त्यात मीठ, लिंबाची किसलेली साल, थोडं ऑलिव्ह ऑईल, आणि गरम टोस्टवर जाड थर. वर मध आणि अक्रोड घातलात तरी सुंदर लागतं, आणि लसूण नसल्यामुळे जैन प्लेटसाठी हेच ठेवता येईल, फक्त त्यावर मध घालू नका, जैन लोक मध खात नाहीत.

प्रश्न, रामबागेतून, एका आजींचा: बाई गं, मला बाहेरचा ब्रेड आवडत नाही आणि चीज पचत नाही. नातवंडांच्या पार्टीत मी नुसती बघत बसू का? बेसनाचं काही असतं का त्या लोकांकडे?

उत्तर: आजी, असतं, आणि ते ऐकून तुम्हीच हसाल. सिसिलीत पालेर्मो म्हणून शहर आहे, तिथे रस्त्यारस्त्यावर पानेल्ले विकतात, म्हणजे चण्याचं पीठ पाण्यात शिजवायचं, थापायचं, गार झालं की कापायचं आणि तळायचं. तुमच्या थापीव वडीची सख्खी मावसबहीण! फक्त ती सासरी गेल्यावर फोडणी विसरली.

२५० ग्रॅम बेसन चाळून घ्या, त्यात पाऊण लिटर गार पाणी हळूहळू घालत एकजीव करा, गारच पाणी, गरमात गुठळ्या होतात हे तुम्हाला मी काय सांगणार. मीठ आणि १ चमचा तेल. जाड बुडाच्या कढईत मध्यम आचेवर ठेवून हात न थांबवता हलवायचं. आधी नुसतं पाणीच वाटतं आणि मनात येतं की हे कधी होणार, मग ७-८ मिनिटांनी अचानक डाव जड होतो, फट फट असे बुडबुडे फुटायला लागतात, आणि आणखी तेवढाच वेळ गेला की कढईच्या कडा सुटतात. तोपर्यंत थांबायचं, नाहीतर कच्चं बेसन घशाशी येतं. मग बारीक चिरलेली पार्सली घालतात ते लोक, आपल्याकडे कोथिंबीर, चव बदलते पण वाईट नाही बदलत. लगेच तेल लावलेल्या ताटांच्या पाठीवर वाटीच्या बुडाने पातळ पसरा, अर्ध्या सेंटीमीटरहून जाड नको, पूर्ण गार होऊ द्या, लांबट तुकडे कापा आणि कडकडीत तेलात सोनेरी तळा. वरून मीठ आणि भरपूर लिंबू, मिरपूड हवी तर.

हळद, हिंग, मोहरी, आलं-मिरची काही घालायचं नाही. तुमचा हात शिवशिवणार आहे, मला माहितीय, पण एकदा तरी नुसतं करून बघा, चण्याचा मूळ गोडवा कळतो, आपण तो फोडणीखाली इतका झाकतो की विसरूनच जातो. आपलं बेसन चणाडाळीचं आणि त्यांचं पीठ छोल्यांच्या पांढऱ्या चण्याचं, त्यामुळे आपल्या पानेल्ल्यांचा रंग जरा गडद होतो एवढाच फरक. तुकडे सकाळी कापून फ्रीजमध्ये ठेवता येतात, तळायचे मात्र ऐनवेळी. आणि नातवंडांना आधी सांगू नका बेसन आहे म्हणून, "पानेल्ले" म्हणूनच वाढा.

प्रश्न, हॉस्टेलवरून, एका विद्यार्थिनीचा: ताई, मी भंवरकुआँला हॉस्टेलवर असते, आमच्या इकडे बेसिल मिळत नाही. तुळस घातली तर? आणि पेस्टो, ती बेसिलची चटणी, मिक्सरमध्ये काळा का पडतो?

उत्तर: तुळस नको गं. तिला लवंगेसारखा तिखट वास असतो, सगळी चव औषधी होते. पण तुला एक सोपी गोष्ट सांगते, फालुद्यात जो सब्जा घालतो ना, ते बेसिलचंच बी. किराणा दुकानातून आण, कुंडीत पसरून वर चिमूटभर माती भुरभुरव, पाणी शिंपड, ऊन मिळालं तर ६-८ आठवड्यांत तोडण्याइतकी पानं येतात. आपल्या सब्ज्याच्या पानांना इटालियन जातीपेक्षा बडीशेपेचा वास थोडा जास्त असतो, ब्रुस्केटावर मस्त चालतात. तुरे आले की खुडत जा, नाहीतर पानं कमी होतात. कडक थंडीत मात्र बेसिल वाढत नाही, तेव्हा लावायचं तर फेब्रुवारी संपता संपता लाव.

पेस्टो काळा पडतो कारण मिक्सर गरम होतो आणि पानं चिरडली की हवेने काळवंडतात. इटलीतल्या जेनोव्हा शहराचे लोक तो संगमरवरी खलात लाकडी बत्त्याने कुटतात. हॉस्टेलवर खल कुठून आणणार, म्हणून भांडं आणि तेल आधी फ्रीजमध्ये ठेव, पानं पूर्ण कोरडी कर, आणि मिक्सर थांबत थांबत क्षणभरच फिरव, सलग चालवू नको. पाइन नट्स म्हणजे चिलगोझ्याचे भाऊबंद, परवडायचे नाहीत, काजू किंवा अक्रोड घाल. वर तेलाचा थर देऊन फ्रीजमध्येच ठेव आणि ३-४ दिवसांत संपव. कच्चा लसूण तेलात घालून बाहेर ओट्यावर ठेवायची सवय असेल तर ती सोड, त्यात वरून न दिसणारं विष तयार होऊ शकतं, हे मी घाबरवायला नाही, खरंच सांगतेय.

प्रश्न, लोकमान्य नगरहून: महागाचं एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह ऑईल आणलं, थंडीत बाटलीत गढूळ होऊन गोळे दिसायला लागले. भेसळ आहे का?

उत्तर: नाही हो, गारठ्यात ऑलिव्ह ऑईल असं होतं, बाटली खोलीत उबेला ठेवा, पुन्हा निवळ होईल. गोठलं म्हणजे अस्सल असंही नाही आणि भेसळ असंही नाही. हे तेल वरून घालायला ठेवा, तळणीत ओतू नका, तळायला आपलं शेंगदाण्याचं किंवा माळव्याचं सोयाबीनचं तेल काय वाईट आहे.

प्रश्न, विजय नगरहून: दोन लहान मुलं, दोघांची नोकरी. पार्टीच्या दिवशी उभं राहायला वेळ नाही. आदल्या रात्री करून ठेवता येईल असं काही?

उत्तर: कापोनाता करा, हा पदार्थ दुसऱ्या दिवशीच चांगला लागतो. हीसुद्धा सिसिलीची, वांग्याची आंबटगोड भाजी म्हणा, आणि आंबटगोड म्हटलं की इंदूरकर खूश. अर्धा किलो जांभळी वांगी, मोठ्या फोडी, तेलात चांगल्या लालसर तळून बाजूला काढा, इथे तेलात कंजुषी केलीत तर वांगं कोरडं राहतं. त्याच कढईत थोड्या तेलावर एक कांदा, मिळाली तर सेलरीची दोन देठं, ती कुरकुरीत राहू देत, मग तीन टोमॅटो घट्ट होईपर्यंत शिजवा. मूठभर हिरवे ऑलिव्ह, मिठाच्या पाण्यातले असतात म्हणून धुऊन, एक चमचा केपर्स, मग २ मोठे चमचे व्हिनेगर आणि १ मोठा चमचा साखर, दोन मिनिटं उकळून वांगी परत आत. आधी चव बघून मीठ घाला, ऑलिव्हमध्ये असतंच. केपर्स महाग पडतात, ते एका झुडपाच्या न उमललेल्या कळ्या असतात, आणि राजस्थानी लोक लोणच्यात घालतात तो केर त्याच कुळातला. सियागंजात वाळका केर मिळतो तो भिजवून, उकळून, थोडा चिरून घालायला माझी हरकत नाही, इटालियन माणूस जेवायला येत नाहीये ना.

रात्री करा, फ्रीजमध्ये ठेवा, पार्टीच्या तासभर आधी बाहेर काढा. गरम करायची नाही. टोस्टवर चमचाभर, वर बदामाचे काप, झालं. मुलांना तिखट नसल्यामुळे तीही खातात.

प्रश्न, राजेंद्र नगरहून: भाताचे ते इटालियन गोळे अंड्याशिवाय होतात का?

उत्तर: अरांचिनी. होतात, आणि ही काही आपली तडजोड नाही, सिसिलीतही बरेच जण मैदा-पाण्याच्या पातळ पिठात बुडवूनच मग ब्रेडक्रम्समध्ये घोळवतात. तांदूळ आंबेमोहोरसारखा बुटका, चिकट घ्या, बासमतीचे गोळे वळत नाहीत. चिमूटभर केशर घालून मऊ शिजवा, थोडं बटर आणि हिरव्या ठिपक्याचं किसलेलं चीज मिसळून ताटात पसरा आणि पूर्ण गार करा, गरम भाताचा गोळा तेलात फुटतो. आत वाफवलेले मटार आणि मॉझरेलाचा तुकडा, इथे पिझ्झाचं चीज चालेल, उलट हवंच, कापल्यावर तार यायला. लिंबापेक्षा थोडे मोठे वळा, दुपारीच घोळवून फ्रीजमध्ये ठेवा. तळताना एका वेळी चार-पाचच, तेल थंड झालं की गोळे तेल पितात. बरोबर टोमॅटोचा साधा सॉस द्या, बाटलीतला केचप टेबलावर दिसला की दोन तासांची मेहनत वाया.

प्रश्न, तिलक नगरहून: दारू नको, मग सोबत प्यायला काय द्यावं?

उत्तर: ताज्या संत्र्याचा रस, सोडा, बर्फ, आणि किंचित कडवटपणासाठी संत्र्याच्या सालीचा तुकडा ग्लासात पिळून टाकायचा. साखर घालू नका, तळलेल्याबरोबर गोड सरबत जड पडतं. माणशी दोन ग्लास धरा.